मागच्या चाकांवरचा भार

त्या रस्त्यावर त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. समोर ‘टायरवाले’ म्हणत आणि पाठीमागे ‘भरूनआणा’. टोपणनाव त्यांच्या कानावर गेले होते. त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, कारण त्यात खोटे काही नव्हते. एखादी रिकामी गाडी टायर बदलण्यासाठी दुकानासमोर उभी राहिली, की ते तिच्याभोवती एक फेरी घालत, मागच्या चाकावरच्या कमानीत पंजा घालून अंतर पाहत आणि मालकाला म्हणत, “भरून आणा.”

“भरून म्हणजे?” तंबू भाड्याने देणाऱ्या माणसाने पहिल्या खेपेला विचारले होते. “टायर बसवायचेत मला. दुकान हलवायचं नाही.”

“ज्या दिवशी गाडीत सगळ्यांत जास्त सामान असतं, तेवढं भरून आणा. माणसंही बसवून आणा.”

“माणसं कशाला?”

“ती गाडीबरोबर हवेत तरंगत जातात का?”

“माझे दोन गडी तंबूच्या कापडावर झोपून जातात. त्यांना झोपवूनच आणू?”

“आणा.”

तंबूवाला पुटपुटत गेला आणि संध्याकाळी खांब, दोर, कापडाच्या गुंडाळ्या आणि दोन टक्क जागे गडी घेऊन परत आला. टायरवाल्यांनी गाडी रस्त्यापलीकडच्या वजनकाट्यावर पाठवली. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग फक्त मागची. आपण इतकी वर्षे चालवत असलेल्या गाडीचा जवळजवळ सारा भार मागच्या चाकांवर पडतो, आणि त्यातही डावीकडे अधिक, कारण लोखंडी खांब नेहमी डाव्या अंगाला रचले जातात, हे तंबूवाल्याला त्या दिवशी समजले. तेव्हापासून तो टायरवाल्यांची थट्टाही करत असे आणि दुसऱ्या कोणाकडून टायरही घेत नसे.

टायरच्या बाजूवर मापाचे मोठे आकडे असतात आणि त्यांच्या शेजारी एक लहान आकडा. बहुतेकांचे लक्ष मापावर असते, कारण माप चुकले तर टायर रिमवर चढतच नाही. लहान आकडा चुकला तर मात्र टायर निमूटपणे चढतो, फिरतो, दिसतोही शोभिवंत. तो आकडा म्हणजे किलो नव्हेत. तो एका तक्त्यातला क्रमांक असतो. नव्वद असेल तर त्या एका टायरने सहाशे किलो पेलावे, एकशेदोन असेल तर साडेआठशे, आणि तेही आत पुरेशी हवा असेल तरच. एकाच मापाचे असे दोन टायर शेजारी उभे केले तर सख्खे भाऊ वाटतात. फरक आतल्या थरांत असतो. टायरवाले गिऱ्हाइकाला हे समजावताना आणखी एक गोष्ट सांगत. “चारही टायरांची बेरीज करून समाधान मानू नका. गाडी बेरजेवर चालत नाही. ज्या चाकावर सगळ्यांत जास्त पडतं, त्या चाकाला पुरेल असा टायर घ्या. बाकीचे तीन आपोआप निभावतील.”

‘भरून आणा’ हा नियम त्यांना कोणी शिकवला नव्हता. दुकान नवे असताना पाण्याचे कॅन पोचवणारा एक माणूस त्यांच्याकडे आला होता. गाडीत काय नेता, असे त्यांनी विचारले. “कॅन,” तो म्हणाला. मागे प्लास्टिकचे रिकामे कॅन होते, एका हाताने उचलावेत असे. दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नाही. पाणीवाल्याने आपण काय नेतो ते सांगितले, टायरवाल्यांनी दिसले ते मानले, आणि पाणी दोघांच्याही मनात आले नाही. महिना सरायच्या आत उतारावर मागचा टायर फुटला आणि पाणीवाल्याचा पाय गाडीखाली आला. तो जगला, पण कॅन उचलण्याचे काम त्याला पुन्हा कधी जमले नाही. फुटलेल्या टायरचा एक तुकडा टायरवाल्यांनी दुकानाच्या आतल्या भिंतीवर खिळ्याला अडकवून ठेवला. गिऱ्हाइकांना तो नमुना वाटे.

त्यानंतर त्यांचे एक मत पक्के झाले. माणसे स्वतःच्या भाराविषयी लबाडी करतात असे नाही. त्यांना तो दिसत नाही. विचारले की प्रत्येकाला आपला साधारण दिवस आठवतो, कठीण दिवस आठवत नाही. म्हणून विचारायचे नाही, बघायचे.

त्यांना एकच मुलगी. घरात तिला चिंगी म्हणत, आणि तिला मूल झाल्यावरही ते नाव सुटले नाही. चिंगी दुकानात वाढली. रचलेल्या टायरांच्या पोकळीत बसून तिने दुपारी काढल्या, आणि अंक ती पाटीवर शिकायच्या आधी टायरच्या बाजूवर बोट फिरवून शिकली. त्यामुळे शाळेत गेली तेव्हा तिचे सगळे अंक किंचित वळलेले येत. तिच्यासाठी टायरवाल्यांनी एका छोट्या टायरवर जाड दोरी विणून बसायला एक मोडा केला होता. लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे गेली तेव्हा तो मोडाही गेला. पुढे संध्याकाळी ती आपल्या मुलीला घेऊन दुकानात येई, नात टायरांच्या त्याच पोकळीत उतरे आणि आजोबांनी तिला शोधायचे असे. ते रोज आधी चुकीच्या चळतीत शोधत.

जावई चष्म्याच्या काचा घासण्याच्या कामात होता. कमी बोलणारा, नजर हातातल्या वस्तूवर ठेवणारा. त्या वर्षी एका दूरच्या शहरात त्याच्या मित्राने दुकान काढले आणि त्याला भागीदार म्हणून बोलावले. टायरवाल्यांना जे सांगण्यात आले ते असे, की वर्षभर जायचे, दुकानाची घडी बसवून द्यायची आणि परत यायचे. वर्षभर हा शब्द त्यांनी जपून ठेवला. चहा पिताना ते कोणालाही, अगदी वजनकाट्यावरच्या माणसालाही, सांगत, “वर्षाचा तर प्रश्न आहे.”

खरे वेगळे होते. जावयाने आणि चिंगीने इथले घर सोडायचे ठरवले होते. ते कायमचे जात होते. हे चिंगीला माहीत होते, जावयाला आणि त्याच्या आईला माहीत होते, आणि टायरवाल्यांच्या बायकोलाही माहीत होते. तिथे पोचून, स्थिरस्थावर होऊन, मग हळूहळू फोनवर सांगायचे असे चौघांत ठरले. ही कल्पना बायकोची. “त्यांना आत्ता कळलं तर ते काही बोलणार नाहीत,” ती मुलीला म्हणाली होती. “नुसते जेवायचे बंद होतील. मला ते बघवणार नाही.”

प्रवासासाठी जावयाने एक जुनी व्हॅन विकत घेतली. तिचे टायर गुळगुळीत झाले होते. चालकाच्या दाराजवळ कारखान्याची जी पट्टी असते, कोणता टायर आणि किती हवा ते सांगणारी, ती या व्हॅनवर नव्हती. दारच कधीतरी दुसऱ्या गाडीचे बसवलेले. व्हॅन दुकानासमोर आली तेव्हा टायरवाल्यांनी मुलीलाही तेच सांगितले जे सगळ्यांना सांगत. “भरून आणा.”

ही मागणी घरच्यांना ठाऊक होती आणि तिचीच त्यांना भीती होती. व्हॅन पूर्ण भरून आणली असती तर काट्यावर जायच्या आधीच त्यांना सारे वाचता आले असते. जावयाने आदल्या दिवशी एकदा सगळे सामान रचून पाहिले होते, मावते की नाही ते. मग त्यातले निम्म्याहून जास्त उतरवून शेजाऱ्यांच्या पडवीत ठेवले आणि अंथरुणे, कपड्यांच्या पेट्या आणि दोन पिशव्या भांडी एवढे घेऊन ते दुकानावर आले.

“एवढंच?” टायरवाल्यांनी विचारले.

“एवढंच, बाबा,” चिंगी म्हणाली. “वर्षासाठी किती न्यायचं माणसानं?”

“बाकीचं घरात कुलपात राहील ना?”

“हो.”

जावई टायरांच्या रांगेकडे पाहत होता. त्याची आई मात्र पुढच्या सीटवर आधीच बसली होती, तिचे गुडघे दुखत म्हणून. “व्याही, मलाही काट्यावर चढवणार का?” तिने खिडकीतून विचारले.

“तुम्ही चढलेल्याच आहात, विहीणबाई. तुम्ही पुढे, म्हणजे तुमचा भार पुढच्या चाकांवर.”

“म्हणजे गाडीतसुद्धा मी मुलाच्याच बाजूला. बरं झालं, सवय आहे त्याला.”

सगळे हसले. टायरवाल्यांचे हसणे जरा जास्त वेळ टिकले. गाडी हलकी होती, आणि हलकी गाडी परत येणार होती.

वजनकाट्यावर मागचा भार हजार किलोंच्या आत भरला. नव्वदचे दोन टायर मिळून बाराशे पेलतात. हिशेब बसत होता, पण एरवी अशा व्हॅनला ते नव्वदचा टायर दाखवतही नसत. एकशेदोनचे मागवलेले होते, यायला काही दिवस लागणार होते. “थांबलात तर ते बसवतो,” ते म्हणाले.

“थांबता येणार नाही, बाबा. दुकानाची जागा परवा ताब्यात मिळते.”

मग ते बॅटरी घेऊन व्हॅनखाली वाकले. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या वर, सांगाड्याला, एक रबरी ठोकळा असतो. गाडी फारच दबली तर आस त्यावर टेकतो, एरवी टेकत नाही. बाकी सगळ्यावर धूळ होती. ठोकळ्याच्या तळावर मात्र तिची एक आडवी पट्टी पुसली गेली होती, ताजी. ही गाडी नुकतीच, फार तर दोन दिवसांत, कोणीतरी मर्यादेबाहेर भरली होती. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर ते उठून म्हणाले असते, बाकीचं सामान कुठे आहे, ते आणा. त्यांनी बॅटरी बंद केली. आधीच्या मालकाने काहीतरी नेले असेल, असे त्यांनी स्वतःला सांगितले. जन्मभर त्यांनी गिऱ्हाइकाच्या शब्दापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवला. त्या दिवशी डोळ्यांना दिसलेले त्यांनी सोडून दिले, कारण मुलीचा शब्द त्यांना हवा होता. नव्वदचे चार टायर त्यांनी स्वतःच्या हाताने बसवले, हवा भरली आणि चिंगीला बजावले, “यापेक्षा एक पेटीसुद्धा जास्त नको. पोचल्यावर जाड टायर मी पाठवीन.”

“बरं, बाबा.”

ती वाकून पाया पडली. नात टायरांच्या पोकळीत लपली होती. ती जायच्या वेळी लपली होती म्हणून त्यांनी तिला पहिल्याच चळतीत शोधून काढले.

घरी आले तेव्हा खिडकीखालची जागा रिकामी दिसली. बायकोचे शिलाई मशीन तिथे असे. त्यावर तिने परकर शिवले, शाळेचे गणवेश शिवले, चिंगीचे लग्नातले कपडे शिवले.

“मशीन कुठे गेलं?”

“दुरुस्तीला दिलंय. पायडल अडकतं.”

“मला सांगायचं. मी बघितलं असतं.”

“तुमच्या हातांना काळं असतं. सगळ्या कापडाला लागेल.” ती चुलीकडे वळली. तिचे हे उत्तर नेहमीचे होते, म्हणून त्यांनी पुढे विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकशेदोनचे टायर आले, ठरल्यापेक्षा लवकर. टायरवाले ते रचून ठेवत असताना जावयाचा फोन आला.

“बाबा, मागचा डावा टायर फुटला. कोणाला काही झालं नाही. गाडी रस्त्याच्या कडेला उतरली, आईचं मनगट जरा दुखावलंय.”

“दगड लागला? खिळा?”

“नाही.”

“कुठून फुटला?”

“बाजूनं. पूर्ण बाजू उघडलीय.”

टायर तळातून फाटला तर दोष रस्त्याचा असू शकतो. बाजू अशी उघडते ती आतून, फार भार सोसून, वाकून वाकून तापल्यावर. टायरवाल्यांनी हातातला टायर खाली ठेवला. मग त्यांनी विचारले, “गाडीत काय आहे?”

जावई एवढेच म्हणाला, “तुम्ही या, बाबा.”

त्यांनी एकशेदोनचे चार टायर दुकानातल्या त्याच मापाच्या जुन्या रिमांवर चढवले, हवा भरली आणि तंबूवाल्याला हाक मारली. तंबूवाल्याने खांब उतरवून टेम्पो रिकामा केला. वाटेत तो बोलत राहिला, कारण शेजारी कोणी गप्प बसले की त्याला गाडी चालवता येत नसे.

“टायर नवा होता ना, दादा?”

“नवा होता.”

“मग कसा फुटला?”

“नवेपणानं भार उचलला जात नाही.”

“तुम्ही तर भरून बघितली होती गाडी.”

त्यावर टायरवाले बाहेर पाहू लागले. तंबूवाल्याने रेडिओ लावला, मग त्यानेच बंद केला.

व्हॅन रस्त्याकडेच्या उतारावर एका अंगाला झुकून उभी होती. काचांमधून आतले काही दिसत नव्हते. सामान छतापर्यंत होते. आस रबरी ठोकळ्यावर बसला होता. चिंगी मुलीला कडेवर घेऊन थोडी दूर उभी होती, आणि वडील टेम्पोतून उतरले तेव्हा ती पुढे आली नाही. तंबूवाल्याने जॅक काढला.

“एवढ्या भारानं उतारावर उचलता येणार नाही,” टायरवाले म्हणाले. “सगळं उतरवायला लागेल.”

“सगळं?” जावयाने विचारले.

“सगळं.”

त्यांनी मागचे दार उघडले आणि स्वतः एकेक वस्तू खाली घ्यायला सुरुवात केली. कोणी त्यांना थांबवले नाही. अंथरुणे आणि पेट्या आल्या, या त्यांनी काल पाहिल्या होत्या. त्यांच्या मागे कपाट होते. काचा घासायचे यंत्र होते, दोघांना मिळून उचलावे लागले असे, आणि ते डाव्या चाकाच्याही मागे, पेट्यांखाली, अगदी दाराशी रचलेले. स्वयंपाकघरातल्या फळ्या होत्या. नातीची लाकडी खाट सुटी करून बांधलेली होती. दोरी विणलेला मोडा होता. एका जुन्या हिरव्या चादरीत गुंडाळलेले काहीतरी होते, जड, आणि त्या चादरीचे टाके त्यांच्या ओळखीचे होते. त्यांनी ती उघडली नाही. हाताला मशीनचे चाक लागले तेवढे पुरे होते.

ते उतरवत राहिले. शेवटी, एका कोपऱ्यात, पडद्याच्या दांड्या होत्या, दोरीने एकत्र बांधलेल्या, आणि त्यांना लटकवलेली एक कापडी पिशवी. पिशवीत स्क्रू होते. वर्षभरासाठी जाणारा माणूस कपडे नेतो, भांडी नेतो, एखादे वेळी कपाटही नेतो. तो भिंतीतले स्क्रू काढून नेत नाही.

टायरवाले पिशवी हातात घेऊन मोड्यावर बसले. आजूबाजूला गवतात त्यांच्या मुलीचे सारे घर मांडले गेले होते, भिंती सोडून.

“दांड्या काढल्यात,” ते म्हणाले.

“हो, बाबा.”

“भिंतीत भोकं राहिली असतील.”

“बुजवली.” चिंगीने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतले. “चुना लावून बुजवली. दिसत नाहीत आता.”

“घर दिलं?”

“ठरलं मागच्याच महिन्यात. किल्ली काल दिली.”

विहीणबाई दुखरे मनगट पदरात धरून दगडावर बसल्या होत्या. “मी म्हटलं होतं यांना, सांगून टाका,” त्या म्हणाल्या. “पण माझं ऐकतं कोण? मी पुढच्या सीटवरची.” कोणी हसले नाही, आणि त्यांनाही तशी अपेक्षा नव्हती.

“आई म्हणाली, तुम्हाला झेपणार नाही,” चिंगी म्हणाली.

टायरवाल्यांनी पिशवीची गाठ पुन्हा आवळली. “मला विचारलं का कोणी?”

दुसऱ्याला किती सोसेल हे त्याला न विचारता ठरवणे, याला घरोघरी माया म्हणतात, आणि ती मायाच असते. तिला खोटे ठरवणे अन्यायाचे होईल. पण जो असे ठरवतो तो त्या माणसाला त्याच्या रिकाम्या दिवशी पाहून मोजतो, अबोला पाहून, टाकलेले ताट पाहून. उरलेला माणूस त्या मापात येत नाही. टायरवाल्यांच्या घरी त्यांचा आकडा त्यांच्या मागे, प्रेमाने, कमी लिहिला गेला होता. आणि त्यांनी स्वतः तो ठोकळा पाहून बॅटरी बंद केली होती, म्हणजे त्या आकड्यावर त्यांचीही सही होती. हे त्यांना समजले असावे, कारण त्यांनी कोणालाही दुसरा प्रश्न विचारला नाही.

ते उठले. जॅक लावला, फुटलेला टायर काढला आणि एकामागून एक चारही चाकांवर एकशेदोनचे टायर चढवले. नट आवळताना जावई शेजारी उकिडवा बसला आणि पान्हा पुढे करू लागला.

“बाबा, मी काल सांगायला हवं होतं.”

“जावईबापू, हे यंत्र दाराशी ठेवलं होतंत. एवढं वजन आसाच्या मागे गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. यंत्र पुढे घ्या, आसाच्या वर. कपाट उजवीकडे, मशीन डावीकडे. हलकं ते दाराशी.”

जावयाने मान हलवली.

मग टायरवाल्यांनी व्हॅन भरली. आपल्या मुलीचे इथून कायमचे जाणे त्यांनी स्वतःच्या हातांनी रचले, डावे-उजवे तोलून, मधल्या फटींत अंथरुणे खुपसून, काही हलू नये म्हणून तंबूवाल्याचा दोर घालून. मागच्या कमानीत पंजा घालून त्यांनी दोन्ही बाजूंचे अंतर पाहिले. ते सारखे होते. पहिल्या रचनेत जे मावत नव्हते म्हणून पायांत कोंबले होते, तेही आता नीट बसले. मोडा तेवढा बाहेर राहिला.

“तो तुम्ही ठेवा, बाबा,” चिंगी म्हणाली. “दुकानात राहू दे.”

त्यांनी मोडा उचलून एकदा हातात तोलला. “याचा भार पडत नाही गाडीवर,” ते म्हणाले, आणि तो दाराशी, सगळ्यांत शेवटी ठेवला, म्हणजे तिथे पोचल्यावर पहिल्यांदा तोच बाहेर येईल.

नात नव्या टायरजवळ बसून त्याच्या बाजूवर बोट फिरवत होती. “एक,” ती म्हणाली, आणि पुढे तिला येईना.

“एक, शून्य, दोन,” आजोबा म्हणाले.

चिंगी त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. ते तिच्या पाठीवर हात ठेवणार होते. हात काळे होते म्हणून त्यांनी मनगटाने थोपटले. “मागच्या चाकांत हवा बघत जा,” ते म्हणाले. “थंड टायरची बघायची, चालून आल्यावरची नाही. गरम टायर जास्त दाखवतो, त्यावर जाऊ नकोस.”

“हो, बाबा.”

“पुढे गाडी बदललीत तरी हे विसरू नकोस.”

“नाही विसरणार.”

व्हॅन रस्त्यावर चढली. ती दबलेली होती, पण सरळ चालत होती. वळणापर्यंत टायरवाले चेहऱ्यांकडे न पाहता मागच्या चाकांकडे पाहत राहिले. चाके नीट फिरत होती.

परतीच्या वाटेवर तंबूवाला एक शब्द बोलला नाही आणि तरीही गाडी चालवू शकला. दुकानावर उतरताना त्याने फुटलेला टायर उचलला. “हा भिंतीवर लावायचा का, दादा? त्या दुसऱ्याशेजारी?”

“नको.”

“लोकांना दाखवायला बरा आहे.”

“काय सांगू लोकांना, कोणाचा म्हणून?”

तंबूवाल्याने टायर भंगारात टाकला.

घरी दिवा लागला होता. बायको दारातच होती. तंबूवाल्याच्या बायकोकडून तिला टायर फुटल्याचे समजले होते आणि तेव्हापासून ती तिथून हलली नव्हती.

“सगळे ठीक आहेत?”

“ठीक आहेत. जाड टायर बसवलेत. पोचतील.”

ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. सामान कोणी उतरवले, हे तिने विचारले नाही. त्यांनी हात धुतले, नेहमीपेक्षा जास्त वेळ घासून धुतले. खिडकीखाली फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग होते. ते ओलांडून ते आपल्या जागी बसले.

“मशीन तिला लागेल,” ते म्हणाले. “तिथे ओळखी व्हायच्या आहेत. शिवण असली की बायका येतात घरी. बरं केलंस.”

बायको खाली बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. “मला वाटलं, तुम्ही जेवायचं सोडाल.”

“वाढ.”

“अहो, राहू दे आत्ता.”

“वाढ म्हटलं ना.”

तिने वाढले. त्यांनी ताट पुढे ओढले आणि जेवू लागले. प्रत्येक घासानंतर ते पाणी घेत होते आणि तरी पुढचा घास उचलत होते. तिने एकदा त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, रागाने नव्हे, आणि जेवत राहिले. ताटातले सारे संपले तेव्हा त्यांनी ते तिच्यापुढे सरकवले आणि आणखी वाढायला सांगितले.